पट्टीखालचा पोचा

मेल्क झेम्पने माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलोईसची रायफल उघडून मांडली होती आणि मी त्याच्या डोक्यावर उभी होते.

"टेबलक्लॉथवर तेल सांडलंस तर बघ हं, मेल्क."

"सांडलंय. घे बघून," तो मान वर न करता म्हणाला.

हा माणूस असाच. आलोईस पोर्टमानचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, सैन्यातला जोडीदार. दरवर्षी सरावाला दोघं एकत्र जायचे, एकत्र यायचे आणि येताना एकत्रच प्यायचे. आलोईस गेल्या हिवाळ्यात गेला. आमच्याकडे सैन्याची रायफल घरीच असते, ती राहिली, टोपी राहिली आणि हा मेल्क राहिला.

टोपीचंच तर सगळं होतं. मे महिना सरत आला की आमच्याकडे गावोगाव नेमबाजी होते. गुण पुरेसे पडले की पानांच्या हाराचा बिल्ला मिळतो आणि तो टोपीला लावून लोक वर्षभर मिरवतात. मेल्कची टोपी बिल्ल्यांनी इतकी जड की मान वाकडी होईल. आलोईसची मात्र बोडकी. नेम चांगला होता हो त्याचा! पण शेवटच्या फेरीत एका मिनिटात सहा गोळ्या झाडायच्या असतात. ही रायफल स्वतःच पुढचं काडतूस आत घेते, आपण फक्त चाप ओढायचा. चार गोळ्या सुरळीत जायच्या आणि पाचवीला घोडं अडायचं. काडतूस नाक खाली घालून मॅगझीनच्या, म्हणजे काडतुसं भरायच्या डबीच्या, काठावर अडकून बसायचं. आलोईस शिव्या घालत ते उपसायचा, मॅगझीनला खालून थाप मारायचा आणि तोवर मिनिट संपून जायचं.

मग घरी येईपर्यंत आमचं भांडण. "बदल ना रे ते मॅगझीन!" मी म्हणायची. "सैन्याने मला हेच दिलंय, माझ्या रायफलचा नंबर आहे त्याच्यावर," तो म्हणायचा. बाकी सगळ्या बाबतीत लोण्यासारखा माणूस, पण इथे दगड. संसारभर आम्ही हे एकच भांडण भांडलो. आता वाटतं, देवाने आणखी एकदा भांडायला द्यावं.

यंदा आमच्या गावचं मैदान बंद होणार होतं. खाली नवी घरं झालीत, त्यांना आवाजाचा त्रास होतो म्हणे. गाईंच्या घंटांचाही होतो, पण ते जाऊ दे. म्हणजे ही शेवटची संधी. मी ठरवलं, आपण उतरायचं. मलाही नेमबाजी येते, माझ्या बापाने शिकवलीय. आलोईसच्याच रायफलने, त्याच्याच मॅगझीनने त्याच्या टोपीला एक बिल्ला मिळवून द्यायचा. दुसऱ्याचं मॅगझीन लावून मिळवलेला बिल्ला त्याने टोपीला लावूच दिला नसता.

सरावात चार गोळ्या गेल्या. पाचवीला घोडं अडलं. म्हणून मेल्कला बोलावलं.

त्याने रायफल आतून पुसली आणि हाताने खिट्टी ओढत काडतुसं पुढे सरकवून पाहिली. तेच. नवी काडतुसं भरली. तेच. मग स्वतःचं मॅगझीन लावून पाहिलं आणि सहाच्या सहा काडतुसं सरसर गेली.

"म्हणजे दोष रायफलचा नाही, मॅगझीनचाच," मी म्हटलं.

"असेल."

"असेल काय? आहेच!"

त्याने मॅगझीनच्या तोंडाच्या, काडतूस धरून ठेवणाऱ्या कडा तपासल्या, त्या सरळ होत्या. आतली स्प्रिंग काढून नवी घातली. तरी तेच. मग उगाच तीच स्प्रिंग पुन्हा काढली, पुन्हा घातली, पुसली, फुंकली. हा गडी सगळीकडे बघत होता, पण मॅगझीनच्या एका अंगाला काळी चिकटपट्टी लावलेली होती तिकडे काही बघेना. पकड नीट बसावी म्हणून आलोईसनेच ती लावली होती. निदान मला तरी त्याने तसं सांगितलं होतं.

"आण इकडे," म्हणून मी मॅगझीन ओढून घेतलं. आत बोट घातलं आणि काडतुसांना वर ढकलणारी पाटी खाली दाबून सोडली. पाटी वर येता येता एका जागी अडखळली. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. दोन काडतुसं उरली की पाटी अडकायची, काडतुसं सैल पडायची आणि नाक खाली घालायची. आणि बाहेरून ती जागा बरोबर पट्टीखाली.

"आग्नेस, पट्टी राहू दे," मेल्क म्हणाला.

अस्सं! मी नखाने पट्टी उचकटली. खाली पत्रा आत दबून हा एवढा पोचा.

मेल्कचा चेहरा बिटासारखा लाल झाला.

"बोल," मी म्हटलं.

"मी त्याला शब्द दिलाय."

"तो मेलाय, मेल्क. आणि मी अजून जिवंत आहे. तुझी कॉफीत घालायची ब्रँडी माझ्याच कपाटात आहे."

मग त्याने माझ्या आणि आलोईसच्या पहिल्या भेटीची गोष्ट काढली, ती तर मला पाठच होती. लग्नाआधी मी दुधाच्या कॅनची हातगाडी चीज करणाऱ्याकडे न्यायची. एका सकाळी वळणावरच्या चढाला गाडी मागे घसरायला लागली. मी पुढचा दांडा धरून, डोळे मिटून, देवाचा धावा करत होते. तेवढ्यात गाडी थांबली. मागे सैन्याच्या कपड्यांत एक तरुण उभा. "चाकाखाली दगड लावलाय," तो म्हणाला. तोच आलोईस.

"दगड कुठला!" मेल्क म्हणाला. "रस्त्यावर खडासुद्धा नव्हता. पट्ट्यातलं मॅगझीन काढून त्याने चाकाखाली सारलं. मी मागूनच येत होतो, पाहिलं ना."

"मग दगड म्हणून का सांगितलं?"

"अगं, तपासणी! शाळेच्या पटांगणात सगळं सामान चादरीवर मांडायचं आणि साहेब एकेक वस्तू बघत जाणार. सरकारी मॅगझीन गाडीखाली घातलं म्हटल्यावर सोडला असता का त्याला? त्याने पोचा खाली करून मांडलं आणि सुटला. पुढे रायफल त्याच्या मालकीची झाली, तेव्हा सांगायला हरकत नव्हती, पण तोवर तुला तो दगड इतका आवडला होता..."

तो दगड! लग्न ठरलं तेव्हा मी हट्ट केला होता, माझी गाडी अडवणारा दगड मला पाहिजे. आलोईस वळणावर गेला आणि दगड घेऊन आला. तो आजही दारात आहे. त्याच्याभोवती मी फुलं लावलीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. मी दाखवायला लागले की आलोईस हळूच गोठ्याकडे सटकायचा. लबाड कुठला!

मेल्कने पिशवीतून लाकडी हातोडी काढली. "आतून ठोकळा लावतो, बाहेरून दोन ठोके. पोचा जाईल, बिल्ला तुझा."

मी त्या पोच्यावर अंगठा ठेवला. अंगठा अगदी बरोबर बसला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "पट्टी लाव परत."

रविवारी मी मैदानावर पालथी पडले. सगळ्या फेऱ्या छान गेल्या. शेवटच्या फेरीत चार गोळ्या गेल्या आणि पाचवीला घोडं अडलं. अगदी आलोईसच्याच शिव्या माझ्या तोंडून आल्या. मी काडतूस उपसलं, मॅगझीनला थाप मारली, गोळी झाडली. आणखी एक थाप, आणि शेवटची गोळी घाईघाईत. ती खाली गेली. बिल्ला एका गुणाने हुकला.

मागे सगळे हळहळले. मेल्कने टोपी काढून छातीशी धरली, जसं काही मीच मेले.

"एकच गुण गं, आग्नेस," तो म्हणाला.

"मोजता येतं मला. चल, सॉसेज थंड होतायत."

घरी आले तेव्हा पहिला राग त्या दगडावर निघाला. इतकी वर्षं फुलं घातली या लुच्च्याला! तो ओढ्यात फेकायचा म्हणून मी वाकले, दोन्ही हातांनी धरला आणि जोर लावला. दगड जागचा हललासुद्धा नाही.

मी तशीच त्याच्यावर बसले. खाली वळण दिसत होतं, आणि तिथून दारापर्यंतची सगळी चढण. एवढं धूड आलोईसने खांद्यावर घालून वर आणलं होतं, आणि तेसुद्धा खोटं असताना, फक्त मी मागितलं म्हणून.

दगड तिथेच आहे. संध्याकाळी मी फुलांना पाणी घातलं.