पुसट होत गेलेला धागा

धाकटीने डोळ्यांवर ओला रुमाल ठेवला होता, तेवढ्यात दादाचा फोन आला. वीस वर्षं ती लोकांचे व्हिडिओ कापत-जोडत आली होती. पण गेला महिनाभर, कामावरून घरी आली की घरचाच एक व्हिडिओ तिच्या मानगुटीवर बसायचा. बाबांच्या शिवणकामाच्या दुकानाला चाळीस वर्षं झाली म्हणून तिने तो केला होता. बाबा हाताने बटणाचं काज करतात आणि करता करता समजावून सांगतात, एवढंच त्यात होतं. पुढे त्यांना पक्षाघात झाला, वाचा गेली. आता त्यांचा आवाज तेवढ्यातच उरला होता.

साहजिकच घरातल्या प्रत्येकाला त्यात काही ना काही हवं होतं. काकांना त्यांचा फोटो, आत्याला तिचं नाव, वहिनीला संगीत जरा हळू. कॉम्प्युटरवर जागा नाही म्हणून धाकटीने मूळ जोडकाम, म्हणजे सुटे तुकडे जुळवलेली फाइल, केव्हाच पुसून टाकलं होतं. दरवेळी ती तयार फाइलच उघडायची, वरवर डागडुजी करायची, पुन्हा रेंडर करून, म्हणजे नवी तयार फाइल काढून, जुनीच्या जागी ठेवायची. प्रत्येक रेंडरमध्ये फाइल आटोपशीर करायला बारीकसारीक तपशील गळतो आणि पुढच्या वेळी उरलेल्यातूनही गळतो, हे ती ऑफिसात नव्या लोकांना कानीकपाळी ओरडून सांगायची. घरी मात्र अंगात त्राण नसायचं. चालतंय की, म्हणायची.

"बाबांचा चेहरा असा पुसल्यासारखा का दिसतोय गं?" दादाने विचारलं.

तिने फाइल लावली. गालावरचे खुंट गेले होते. सुईतला धागा दिसतच नव्हता, बाबांचा हात नुसता हवेत वरखाली होत होता. चित्र धारदार करून पाहिलं, तर चेहरा प्लास्टरचा वाटायला लागला. हे सातव्यांदा रेंडर केलेलं होतं.

"माझीच चूक आहे, दादा," ती म्हणाली. "तुझ्या कॅमेऱ्यातलं मूळ चित्रण लागेल. सगळं पहिल्यापासून करते."

कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड कुठे गेलं ते दादाला आठवेना. वहिनीने दोन दिवस घर पालथं घातलं, तेव्हा ते औषधांच्या डब्यात सापडलं. सुदैवाने त्यावर दुसरं काही भरलेलं नव्हतं. धाकटीने आधी त्याची वेगळ्या डिस्कवर प्रत काढली. मग तीन संध्याकाळी बसून व्हिडिओ नव्याने जोडला, सगळ्यांच्या दुरुस्त्या मूळ चित्रणावर केल्या आणि शेवटी एकदाच रेंडर केलं. या वेळी जोडकामही जपून ठेवलं.

रविवारी तिने तो बाबांना दाखवला. पडद्यावरचे बाबा म्हणत होते, "धागा ओढायचा नाही, बसू द्यायचा." खाटेवरच्या बाबांनी चांगला हात उचलला, दोन बोटांची चिमटी केली आणि तशीच धरून ठेवली. धाकटीने त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. थोड्या वेळाने त्यांचा डोळा लागला, मग तिचाही.

आत्याच्या फोनने तिला जाग आली. व्हिडिओत तिचं नाव आलं होतं, पण त्यातली वेलांटी चुकली होती.

"करते हं, आत्या," धाकटी म्हणाली आणि जपून ठेवलेलं जोडकाम उघडलं.