नानांची भवानी

आमच्या ह्यायचा नेमच असा, की भवानी झाल्याशिवाय घास तोंडात टाकायचा नाही. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक चमचा का होईना घेऊन जात नाही, तोवर ताट वाढायचं नाही. सासऱ्यायपासून चालत आलं म्हणे. सासऱ्यायले शुगर नव्हती, ह्यायले आहे. पण सांगता कोणाले!

रायपूरच्या तात्यापाऱ्यात खाली भांड्यांचं दुकान, वर आमचं घर. अख्खा पारा, म्हणजे मोहल्ला, ह्यायले नाना म्हणते. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं तेव्हा ह्यायनी पेढे वाटले होते. "विजया, आता बंगले होतील, बंगल्यायले भांडे लागतील!" झाले ना बाप्पा बंगले! बंगल्यातल्या बाया येतात, कढई उचलतात, बुडाला टिचकी मारतात, फोटो काढतात, अन् "देखते हैं भैया" करत चालल्या जातात. कढई मोबाइलवरून त्यायच्या दारात. चीनमध्ये बनली का आणखी कुठं, आमच्याहून स्वस्त. हे मात्र बोटायचे डाग फडक्यानं पुसून आमची कढई परत मांडतात. मले असा संताप येते!

दुपार कलली तरी शुगरवाला माणूस उपाशी. किती दिवस पाहू? मंग मीच डोकं चालवलं. आमच्याकडे कामाले कलावती येते, गुढियारी मोहल्ल्यातली. तिच्या हातात रोज पैसे द्यायचे, तिनं दुकानातून वाटी नाहीतर पळी घ्यायची अन् मागच्या जिन्यानं मले आणून द्यायची. पलंगाखाली वाट्यायचा ढीग झाला, पण हे वर येऊन जेवायले लागले. पुण्याहून आमचा शिशिर फोनवर म्हणे, "बंद करा ना बाबा दुकान." तर त्याले ऐकवायचे, "काहून बंद करू? रोजचं गिऱ्हाईक आहे माझं!"

काल मी दुकानातच बसली होती. मोटरसायकलवाला आला. हे लगबगीनं उठले, "या भैया, काय दाखवू?" त्यानं खोकं पुढं केलं. "कलावतीबाई का पार्सल है. पता यहीं का है."

मागोमाग कलावती हसत आली. तिची गल्ली पार्सलवाल्यायले सापडत नाही, म्हणून तिनं आमचा पत्ता दिला होता. तिनं काउंटरवरच खोकं फोडलं. आत कढई. मी डोळ्यानं खुणावून राहिली, पण तिचं ध्यान कुठं!

"काहून वं कलावती," ह्यायनी विचारलं, "रोज माझ्याकडून भांडे नेते, मंग हे बाहेरून काहून?" रागानं नाही, खरंच विचारलं.

"वो तो बाई के पैसे थे, नाना. अपने पैसे से महँगा काहे को लूँ?"

हे माझ्याकडे पाहतच राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही चार शब्द सुनावले असते. त्यायनी तिची कढई उलटी केली, बुडाला टिचकी मारली. "चांगली आहे," म्हणाले. मंग फडक्यानं बोटायचे डाग पुसले अन् तिले दिली.

भर दुपारी, भवानी न होता, त्यायनी शटर ओढलं.

वर येऊन पाटावर बसले. "वाढ, विजया. आता रोज वेळेवर जेवीन."

हेच ऐकायले मी देव पाण्यात ठेवले होते. अन् आता मले त्या ताटाकडे पाहावत नव्हतं.