जैसे थे

तिनं मोबाइल फायलीखाली सरकवला आणि मधल्या न्यायमूर्तींच्या ओठांकडे बघायला लागली. देशातलं सगळ्यात मोठं कोर्ट, पण पत्रकारांचा बाक खांबामागे, आणि न्यायमूर्तींचं माइकशी कायमचं वाकडं. त्यामुळे इथं मुरलेले बातमीदार कानांपेक्षा डोळ्यांनीच जास्त ऐकतात. ती तर इतकी मुरलेली की ओठ हलले की तिला स्वल्पविरामसुद्धा कळायचा.

"धोरण ठरवणं हे आमचं काम आहे का, बाई?" मधले न्यायमूर्ती विचारत होते.

पालकांच्या वकीलबाई उभ्या होत्या. नाही म्हणाल्या. मग आमच्याकडे कशाला आलात, असा दुसरा प्रश्न आला. माणसं वाचवायला, असं त्या म्हणाल्या, तर न्यायमूर्तींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सांगितलं की भावनेवर निकाल लागत नाहीत, धोरणात हे कोर्ट सहसा हात घालत नाही. शेजारी सरकारी वकील बसले होते. सकाळपासून त्यांना कुणी एकही प्रश्न विचारला नव्हता. जावईबापूंसारखे निवांत बसले होते.

धोरणाचं नाव मोठं गोड होतं, 'आपल्या घरी'. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. ज्यांचं शरीर वाढलं पण मन चार वर्षांच्या पोराएवढंच राहिलं, अशा मोठ्या माणसांसाठी सरकारनं चालवलेले निवास बंद करायचे आणि ज्याला त्याला आपापल्या घरी धाडायचं. ज्यांना घरचे नेणार नाहीत त्यांची रवानगी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, एका भल्यामोठ्या केंद्रात. पहिली तुकडी गेलीही होती. तिथून बाहेर आलेल्या एका फोटोत पलंगाला बांधलेला एक माणूस होता, आणि त्याच्या अंगावर नुसती चादर. ती बातमी तिनंच दिली होती.

तिचा सख्खा थोरला भाऊ शहराबाहेरच्या अशाच एका निवासात राहतो, हे मात्र तिच्या कचेरीत कुणाला ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर संपादकांनी हे प्रकरण दुसऱ्याला दिलं असतं, आणि त्यात त्यांचं काही चुकलंही नसतं. पण मग इथं बसून ऐकणार कोण? तिनं तोंडाला कुलूप घातलं होतं.

दादा पन्नाशीचा. अंगात पैलवानाची ताकद, अधूनमधून झटके यायचे, आणि भीती वाटली की समोर कोण आहे ते त्याला कळायचं नाही. वडील गेल्यावर आईनं त्याला घरात सांभाळायचा हट्ट केला होता. एकदा तो पहाटे घराबाहेर पडून थेट मोठ्या रस्त्यावर ट्रकांसमोर जाऊन उभा राहिला. एकदा घाबरून त्यानं आईला ढकललं, तर तिचं मनगट मोडलं. ते हाड काही कधी धड जुळलं नाही. मग निवास. निवास म्हणजे काही स्वर्ग नव्हता, भिंतींना ओल होती आणि डाळ पाणीदार होती. पण तिथं कामाला एक मावशी होती. ती "काय राजे?" म्हणाली की दादा भिंतीवर डोकं आपटायचा थांबायचा. हे आईला कधी जमलं नाही, हिलाही नाही.

आज सकाळपासून निवासाच्या आवारात गाड्या उभ्या होत्या. आई इतर पालकांबरोबर फाटकाशी उभी होती. तिथल्या अधीक्षकांनी बाहेर येऊन सरळ सांगून टाकलं होतं: निकाल सरकारच्या बाजूनं लागला की गाड्या हलणार, मग कुणाचं काही चालणार नाही. ज्यांना आपलं माणूस न्यायचंय त्यांनी त्याआधी न्यावं. मात्र एकदा नेलंत की नेलंत, परत आत घेणं नाही.

जेवणाच्या सुट्टीसाठी न्यायमूर्ती उठले. निकाल सुट्टीनंतर सांगू म्हणाले. ती जिन्याखाली येऊन उभी राहिली, तर वृत्तसंस्थेचे मामा तिथं आधीच भिंतीला टेकून सफरचंद खात होते. मामा तिच्याही आधीपासून या कोर्टात. अख्ख्या पत्रकारकक्षाचे मामा. तिचं तोंड बघून ते म्हणाले, बातमी टाकून मोकळी झालीस की काय? घाई करू नकोस. ज्याला झोडपतात त्यालाच देतात. ज्याला नाही द्यायचं त्याच्यावर तोंड कशाला झिजवतील?

हे तिला कुणी सांगायला नको होतं. नव्या पोरापोरींना तीच हे शिकवायची. न्यायमूर्ती ज्याच्या बाजूनं झुकलेले असतात त्यालाच उलटेपालटे प्रश्न विचारतात, कारण उद्या निकालपत्रात त्यांनाच उत्तरं लिहायची असतात. कचेरीत तिला 'थांबाबाई' म्हणायचे. दुसऱ्या वाहिन्यांवर "ब्रेकिंग" झळकायला लागलं तरी ही आपली फोनवर, थांबा, आदेश पुरता होऊ दे. थांबा, सहीची प्रत येऊ दे. तिच्या थांबण्यापायी डेस्कवाल्यांनी कपाळं बडवून घेतली होती. पण इतक्या वर्षांत तिची एकही बातमी मागं घ्यावी लागली नव्हती.

आज ती थांबली नाही. मामांच्या बोलण्यावर मान हलवली, आणि जिन्यामागच्या कोपऱ्यात जाऊन आईला फोन लावला. डोळ्यांपुढे ती चादर होती, आणि चादरीखाली दादाचं अंग. दुसरं काही दिसेनाच.

"आई, त्याला बाहेर काढ. आत्ता."

"हरलो का गं?"

"हरणार. मला कळतं त्यातलं."

एरवी भाजीवाल्याशीही तासभर हुज्जत घालणारी आई, पण कोर्टाच्या बाबतीत लेकीचा शब्द तिला शेवटचा. परत घेणार नाहीत बघ, एवढं एकदा म्हणाली. हिनं सांगितलं, माहीत आहे. तिकडे बांधून ठेवण्यापेक्षा घरी बरा. मी येईन राहायला, रजा काढीन, काहीतरी करू आपण. आईनं बरं म्हणून फोन ठेवला.

न्यायमूर्ती परत येऊन बसायच्या आत आईचा निरोप आला. निघालो. मावशी रडली. हा खूश आहे, खिडकीशी बसलाय. तिनं तो दोनदा वाचला आणि छातीवरचा दगड उतरल्यासारखं तिला वाटलं. काही का निकाल लागेना, दादा तर सुटला.

आदेश छोटाच होता. मधल्या न्यायमूर्तींनी चष्मा लावला आणि मान खाली घालून, नेहमीपेक्षाही पुटपुटत वाचायला सुरुवात केली. तिचे डोळे त्यांच्या ओठांवर. धोरणाच्या योग्यायोग्यतेत आम्ही आज जात नाही, हे पहिलं वाक्य. चला, झालंच, असं तिला वाटलं. मग 'तथापि' आला. या कोर्टात 'तथापि' आला की सगळे बातमीदार पुढे वाकतात, तीही वाकली. तथापि, माणसं हलवण्याआधी त्यांची सोय नीट तपासली गेल्याचं दिसत नाही. सरकारनं सविस्तर उत्तर द्यावं. तोवर सर्व निवासांत जैसे थे स्थिती ठेवावी.

मागच्या रांगेत पालकांमध्ये कुणीतरी हुंदका दिला. एका म्हाताऱ्या बापानं शेजारच्या अनोळखी बाईचा हातच धरला. मामांनी तिला कोपरानं ढोसलं, बघ, म्हटलं नव्हतं?

तिचं लक्ष ओठांवरच होतं, कारण ओठ अजून हलत होते. आज या क्षणी जे निवासात आहेत त्यांना हलवू नये. आज या क्षणी जे निवासात नाहीत त्यांना, पुढील आदेशापर्यंत, प्रवेश देऊ नये.

पुढची तारीख चार महिन्यांनंतरची पडली.

दालन रिकामं होईपर्यंत ती बाकावरून उठली नाही. उठली ती धावतच सुटली. वकीलबाई बाहेरच्या लांब ओसरीत पालकांच्या गराड्यात सापडल्या होत्या. अंगावरचा काळा डगला एका खांद्यावरून घसरलेला, आणि कुणी कुणी पायाशी वाकत होतं ते त्या ओशाळून थांबवत होत्या. हिनं त्यांना बाजूला ओढलं. विचारलं, आज दुपारीच, निकालाच्या भीतीनं, कुणी आपलं माणूस बाहेर काढलं असेल तर? त्याचं काय? तुम्ही आत जाऊन एवढं एक स्पष्ट करून घ्याल का?

"असे किती आहेत?" वकीलबाईंनी विचारलं.

"एक."

वकीलबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. इतक्या दिवसांत त्यांनी तिला प्रश्न विचारताना पाहिलं होतं, हात धरताना नाही. त्यांचा आवाज खाली आला. त्या म्हणाल्या, हा आदेश कसा मिळालाय ते तुम्ही पाहिलंत. सुतावर लोंबकळतोय. मी परत आत गेले तर सरकारी वकील उभे राहणार आणि म्हणणार, बघा, घरचे आपखुशीनं नेताहेत, धोरण उत्तम चाललंय. मग आहे तेही जाईल. आत अजून शेकडो जण आहेत, बाई.

"तो आपखुशीनं नाही गेला हो," ती म्हणाली. "मी काढायला लावला."

वकीलबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. चार महिन्यांनी मी स्वतः त्याचं नाव घेईन, असं म्हणाल्या. ते खरंच होतं, त्या शब्दाच्या पक्क्या होत्या. मग पालकांनी त्यांना पुन्हा वेढलं. ही तिथंच उभी राहिली. माणसं हसत होती, रडत होती, घरी फोन लावत होती, आणि तिला त्या सगळ्यांचा राग आला. त्या म्हाताऱ्या बापाचासुद्धा. मग त्या रागाची लाज वाटली, आणि लाज वाटूनही तो गेला नाही.

पत्रकारकक्षात ती संगणकापुढे बसली. बातमी तिच्या बोटांना पाठ होती. डेस्कवरून फोन आला. मथळा लावलाय, 'शेकडो कुटुंबांना दिलासा', चालेल ना? तिनं चालेल म्हटलं. मग डेस्कवाला म्हणाला, आज तुझी बातमी पहिल्या पानावर, पण जरा कोरडी होतेय गं थांबाबाई. एखाद्या घरातल्या माणसाचे दोन शब्द घाल ना. आई असली तर फारच छान. तिनं बघते म्हटलं आणि फोन ठेवला, तर तो तिच्या हातातच पुन्हा वाजला.

"देव पावला गं बाई," आई म्हणाली. तिला धाप लागली होती. "टीव्हीवर दाखवतायत. मला तर खरंच वाटेना. इतक्या लोकांचे तळतळाट, वाया कसे जातील?"

तिची बोटं आपोआप चालली. देव पावला. मला खरंच वाटेना. इतक्या लोकांचे तळतळाट. समोर पडद्यावर अक्षरं उमटत गेली, आणि ती त्यांच्याकडे बघत राहिली.

आई बोलतच होती. दादा दारातच बसलाय म्हणे, चपला काढू देत नाही. मावशीला हाका मारतोय. मी त्याला समजावलं, आजची रात्र काढ राजा, उद्या आपण जाऊ. बाहेर काढला म्हणून तू जिवाला लावून घेऊ नकोस हो, एक दिवस घरी आला तर काय बिघडलं? तेवढंच बहीण-भावाची गाठ पडेल.

"जैसे थे म्हणतायत," आई म्हणाली. "म्हणजे पहिल्यासारखंच सगळं, हो ना? थे म्हणजे होते. होतं तसंच."

इतक्या वर्षांत हा शब्द तिनं शेकडो बातम्यांत लिहिला होता, आणि त्याचा अर्थ असा कुणी लावेल हे कधी तिच्या मनात आलं नव्हतं. आईचंच बरोबर होतं. शब्द तेच सांगत होता. कोर्ट तेवढं दुसरं काही सांगत होतं. तिनं पाण्याचा घोट घेतला.

"आई, त्यांनी गोळ्या किती दिल्यात त्याच्या?"

"दोन दिवसांच्या. भरपूर झाल्या की."

"मी येताना आणते."

"अगं, पुरे आहेत, उद्या तर..."

"महिन्याच्या आणते, आई."

आईच्या मागून दादाची हाक ऐकू येत होती, तीच ती, न थकता. आईनं का म्हणून विचारलं नाही. तू तर म्हणालीस, असंही म्हणाली नाही, आणि ते तिनं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

"मग कुलूपही घेऊन ये," आई म्हणाली. "मोठं बघून आण."