अकरा वर्षांचा ऑफसाइड

फुटबॉल पंच संघटनेत त्याला फूटपट्टी म्हणत. बाजूच्या रेषेवर झेंडा घेऊन पळणारे पुष्कळ. पण पुढचा खेळाडू शेवटच्या बचावपटूच्या वीतभर जरी पुढे सरकला, तरी याचा हात आपोआप वर जायचा. या गुणावर बावीस वर्षांत त्याने मैदानात नाव कमावलं आणि घरात जेवायला एकच ताट उरवलं.

व्हिडिओ पंच आणायचा की नाही, यावरून संघटनेत दोन तट पडले होते. म्हातारे विचारत, निकाल यंत्राने द्यायचा तर आम्ही मैदानावर काय हवा खायला जायचं? तरुण म्हणत, निदान शिव्या तरी यंत्राबरोबर वाटून घेता येतील. फूटपट्टी तोंडात गुळणी धरून बसे. यंत्र यावं असं त्याला फार वाटत होतं, पण कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

कारण म्हणजे धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी अंतिम सामन्याचा लाइन्समन तापाने आडवा झाला आणि ऐनवेळी झेंडा याच्या हातात आला. शेवटच्या मिनिटाला धाकट्याने चेंडू मारला. तो जाळ्यात पोचायच्या आत याचा झेंडा वर. ऑफसाइड. गोल गेला, करंडक गेला, धाकट्याचं बोलणंही गेलं. नातेवाइकांनी मध्यस्थी करून पाहिली. याचं एकच पालुपद: चुकलो असेन तर कान धरतो, पण चुकलो कुठे ते दाखवा.

म्हणूनच यंत्राच्या प्रात्यक्षिकाला, ते चालवणारी मुलगी म्हणाली की कुणाकडे जुनं चित्रण असेल तर त्यावर रेषा मारून दाखवते, तेव्हा हा पिशवीतून सीडी काढून उभा. लोक यंत्राकडून न्याय मागतात. याने मनातल्या मनात मागितलं, मला चूक ठरव. चूक ठरलो की फोन करता येईल.

तिने चित्र थांबवलं, दोन रेषा मारल्या. धाकट्याचा गुडघा वीतभर पुढे होता.

"काका, काय नजर आहे हो तुमची," मुलगी म्हणाली. टाळ्या पडल्या. म्हाताऱ्यांनी तर लगेच डाव साधला, बघा, यंत्र हवंय कशाला. फूटपट्टी सीडी घेऊन बाहेर पडला आणि भर दुपारी मैदानाच्या रिकाम्या स्टँडमध्ये जाऊन बसला. चारशे खुर्च्या, एक माणूस. शेवटी त्याने फोन लावलाच.

"यंत्राने दाखवलं," तो म्हणाला. "चूक माझी होती. गोल होता."



"अकरा वर्षांनी फोन केलास तो खोटं बोलायला, दादा?" धाकटा म्हणाला. "माझा गुडघा पुढे होता. मला तेव्हाच कळलं होतं."

मग राग कसला, असं याने चाचरत विचारलं. धाकट्याने ते बाजूला सारून विचारलं, यंत्र असलं की झेंड्याचं काय करतात? याने सांगितलं, मग जरा थांबायचं असतं. चेंडू जाळ्यात जाऊ द्यायचा, मग झेंडा दाखवायचा. खरंखोटं यंत्र बघतं.

"म्हणजे तेवढा वेळ गोल असतो."

"असतो. अर्धं मिनिट."

"तेवढं पुरलं असतं रे. बाबा उठून उभे राहिले होते. टाळीसाठी हात उचलले, आणि तुझा झेंडा बघून तसेच खाली घेतले. महिन्याभरात गेले."

आजारी बाबा त्या दिवशी मैदानावर आले होते, हेच फूटपट्टीला ठाऊक नव्हतं. त्याची नजर रेषेवर होती.

"कुठे बसले होते?" त्याने विचारलं.

"तुझ्याच मागे," धाकटा म्हणाला. "तिसऱ्या रांगेत."