दगड नसलेलं घराणं

तुम्ही खोटं बोललात, अध्यक्षमहाशय. क्लबच्या भिंतीवर माझ्या वडिलांच्या घराण्याला जागा नाही, कारण 'गावात त्यांचा काही माग लागत नाही', असं तुम्ही सांगितलंत. इंग्रजीत विचारायला आले तेव्हा तुम्ही पावसाबद्दल बोललात आणि चहा घेणार का म्हणालात. म्हणून आता मराठीत लिहितेय, चारचौघांसमोर. तुमच्या कमिटीतला अनुप तुम्हाला इंग्रजीत वाचून दाखवेल. नाही दाखवलं, तर तोही तुमच्यातलाच.

वाचणाऱ्यांना आधी भांडण सांगते. मिल्टन कीन्सपासून गाडीने अर्ध्या तासावर आमचं गाव. एक चर्च, एक पब, एक क्रिकेटचं मैदान. क्लब शंभर वर्षांहून जुना. आता नवीन पॅव्हेलियन झालंय आणि त्याच्या आतल्या भिंतीवर जुन्या खेळाडूंच्या घराण्यांच्या वंशावळी रंगवल्यात. कोण कुणाचा नातू, कुणाचा पणजोबा इथे पहिल्यांदा बॅट घेऊन उतरला. रविवारी उद्घाटन.

या वंशावळी शोधल्या कुणी? मी. दोन हिवाळे चर्चमागच्या कबरींतून हिंडले. दगडावरचं शेवाळ काढायला मऊ ब्रश आणि साधं पाणी, बाकी काही नाही. साबण लावला तर दगड सोलतो. अक्षरं पुसट असली की टॉर्च बाजूने धरायचा, मग नाव सावलीतून वर येतं. गुडघे गेले माझे त्या चिखलात. पार्जेटरांचा मूळपुरुष वेल्समधून मेंढरं हाकत आला, हे मी शोधलं. टिबल्सांच्या पणजीचं लग्न मूल झाल्यावर लागलं, हेही मीच शोधलं आणि गप्प बसले. भिंतीवर आता सगळे कसे जन्मजात गावकरी दिसतात.

तुमचा नियम असा, की ज्या घरातल्या एकाची तरी कबर गावात आहे, ते गावचं घराणं. नियम झाला त्या मीटिंगला मी होते. मान डोलावली. आपल्यात माणूस जाळतात, त्याला दगड नसतो, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. दुसऱ्यांचे पूर्वज घासता घासता मी स्वतःला त्यांच्यातलीच समजायला लागले होते.

बाबा, म्हणजे कमलाकर, मिरजेहून आले आणि रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात फिटर झाले. वीसेक उन्हाळे तुमच्या क्लबसाठी लेगस्पिन टाकली. आई, लीलावती, मध्यंतराच्या चहाला काकडीची सँडविचेस करायची आणि त्यात गुपचूप हिरवी चटणी लावायची. ती आता माझ्याकडे असते. जिना चढवत नाही. तिचं एकच मागणं आहे : 'त्यांचं नाव एकदा भिंतीवर बघते. मग मला म्हाताऱ्यांच्या कुठल्या होममध्ये टाकायचं तिथे टाका.'

गुरुवारी अनुप आला. मूळ नागपूरचा, आयटीतला, क्लबचा आताचा ओपनर आणि तुमच्या कमिटीतला एकमेव मराठी माणूस.

"काय रे," आई म्हणाली, "परवा शून्यावर गेलास म्हणे. आमच्या ह्यांच्यासमोर असतास तर तेवढाही टिकला नसतास."

"काकू, शून्याच्या खाली कसं जाणार?"

"त्यांनी नेलं असतं."

अनुप हसला, मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आसावरीताई, मी चेअरमनशी बोललो. ते ॲक्चुअली खूप रिझनेबल आहेत. म्हणतात, चर्चयार्डात एक मेमोरियल स्टोन लावा. छोटासा. रविवारच्या आत ऑर्डर दिली तरी ते नाव घेतील."

"बाबा तिथे नाहीत, अनुप. त्यांची राख मिरजेला नेऊन नदीत सोडली."

"हो, पण खाली काही नसलं तरी चालेल, असं ते म्हणाले."

आई मोठ्याने हसली. "खाली काही नाही, हे त्याला बरं माहीत! त्यानेच तर..." आणि एकदम थांबली. शालीचं टोक चाळवत बसली.

"त्यानेच तर काय, आई?"

"काही नाही. चहा टाक."

"आई."

ती बोलली तेव्हा दमलेली वाटली. "नदी-बिदी काही नाही गं. तुझे बाबा म्हणायचे, मला परत विमानात बसवू नका, पाय सुजतात. मैदानातच ठेवा. तू तेव्हा लंडनला, एजवेअरमध्ये, तुझ्या सान्वीच्या वेळची गरोदर. परवानगी कोण देणार? राखेने गवत जळतं म्हणून ग्राउंड्समन ओरडला असता. तेव्हा हा आताचा अध्यक्ष पुढे आला. विकेटकीपर होता ना ह्यांचा. म्हणाला, 'लीला, शनिवारी सकाळी मॅचच्या आधी ये.' बाबा बॉल टाकायला जिथून धावत यायचे तिथे त्याने स्वतःच्या हाताने राख पसरली आणि वरून रोलर फिरवला. रडत होता बिचारा. मी शब्द दिला, कुणाला सांगणार नाही."

अनुपने खुर्ची पुढे ओढली. "काकू, हे... चेअरमननी सांगायला हवं होतं."

"कशाला? क्लबची जमीन पॅरिशची, म्हणजे गावपंचायतीची. आता तो अध्यक्ष. लोक म्हणतील, चोरून माणूस पुरला. भला माणूस आहे तो, त्याला अडचणीत नका आणू. लावा दगड. माझंही नाव घाला त्यावर, एका खर्चात होईल." मग मला म्हणाली, "थकले गं मी. तू नाही थकलीस?"

थकले. खूप थकले. दगड लावणं सोपं आहे, अध्यक्षमहाशय. दोन हिवाळे मी खरे दगड घासले, त्यांच्या शेजारी आता एक खोटा दगड उभा करायचा, आणि पुढे कुणीतरी माझ्यासारखीच वेडी येऊन तो टॉर्चच्या उजेडात वाचेल. बाबा तिथे नसतील.

मी दगड लावणार नाही. आईचा शब्द मोडतेय, ती माझ्यावर चिडेल, चिडू दे. त्या सकाळी तुम्ही जे केलंत ते आमच्या नात्यातल्या एकानेही केलं नव्हतं. तेवढं केलेला माणूस आज 'माग लागत नाही' म्हणतो, हे मला पचत नाही. पॅरिशला घाबरता? मैदान आम्ही खणायला सांगत नाही. एक नाव रंगवायचंय.

रविवारी मी आईला व्हीलचेअरवरून आणतेय. भाषणाआधी तिच्यासमोर या, तिच्या डोळ्यांत बघा आणि एवढंच सांगा : कमलाकर कुठे आहे, हे तुम्हाला माहीत आहे की नाही?