दोनशे सतरा नंबरचं घड्याळ

देलकूर नावाचा तो जुन्या घड्याळांचा संग्राहक पॅरिसहून मार्सेलला आमच्या घरी आला तो पांढरे हातमोजे घेऊनच. बाबांनी मनगटावरचं घड्याळ काढून दिलं, तर पठ्ठ्याने ते तान्ह्या बाळासारखं दोन्ही हातांत घेतलं.

"कधी पॉलिश नाही ना केलंत, मस्यू फिलिप्पी?"

"भांडी घासायचा कंटाळा मला, घड्याळ कोण घासतंय!"

"उत्तम! हे ओरखडे, ही विटलेली तबकडी. काळ्याची कॉफी झाली बघा. यासाठी लोक वेडे होतात."

मी माझ्या लेकाला, तिमेओला, मांडीवर घट्ट धरून होते. आठ महिन्यांचा आहे, हाती येईल ते तोंडात घालतो, आणि देलकूरने आपल्या छोट्या टॉर्चमधून बटणाएवढ्या दोन जुन्या बॅटऱ्या काढून टेबलावर तशाच टाकलेल्या. माझा एक डोळा त्यांच्यावर, दुसरा बाबांवर. ते खुर्चीत वाकडे बसले होते. पाणबुड्या म्हणून समुद्राच्या तळाशी कंपनीचे तेलाचे नळ जोडण्यात तेरा वर्षं गेली, तिथल्या पाण्याच्या दाबाने खुब्यांची हाडं मेली. कंपनी म्हणते, अँज फिलिप्पी एवढे खोल उतरल्याची नोंदच नाही, जुनी कागदपत्रं पुरात गेली. नोंद नाही म्हणून अपंगत्वाची पेन्शन नाही. तीन अर्ज केले, तिन्ही वेळा हेच उत्तर.

देलकूर घड्याळाच्या कडेची बारीक झडप दाखवत होता. "खोल पाण्यात पाणबुड्यांना श्वासासाठी हेलियम देतात, तो घड्याळातही शिरतो, मादाम. वर येताना बाहेर पडला नाही तर काच उडते. म्हणून ही झडप. काय डोकं लावलंय!"

काचेची एवढी काळजी. हाडांची कुणाला होती?

मग त्याने एक निळी वही उघडली. "ही खरी गंमत! कंपनीचं कोठार मोडीत निघालं तेव्हा आम्ही संग्राहकांनी वाचवली."

घड्याळ क्रमांक २१७. १४ ऑक्टोबर १९७६. दोनशे नव्वद मीटर, अकरा दिवस. पुढे बाबांची सही. खाली जाण्याआधी सही केल्याशिवाय कोठारातून घड्याळ मिळत नसे.

माझं डोकंच फिरलं. माणसांच्या नोंदी बुडाल्या आणि घड्याळांच्या तेवढ्या तरल्या!

"या पानाची प्रत द्या मला."

"प्रती फिरल्या की मजा जाते, मादाम. घड्याळ विकलंत तर वही त्याच्याबरोबर जाईल. गिऱ्हाइकाला त्यामागचा माणूस हवा असतो."

"माणूस समोर बसलाय!"

"हो, तेही छानच," म्हणत त्याने पुन्हा भिंग डोळ्याला लावलं.

मी आवाज खाली आणला. "बरं, निदान आजोबांच्या घड्याळाबरोबर नातवाचा फोटो तरी काढते."

तो हसून बाजूला सरकला. मी चार फोटो काढले. चारांत मिळून तिमेओचा एक कान आलाय, बाकी सगळं वहीचं पान.

फोन त्याच्यासमोर धरला तेव्हा त्याला कळलं. "अहो, हा खासगी कागद आहे!"

"सही माझी आहे," बाबा म्हणाले. त्याच्या हातातलं घड्याळ काढून घेऊन ते पट्टा बांधू लागले. त्यांना मदत केलेली खपत नाही. "माझ्या पेन्शनच्या दाव्यात अस्सल वही घेऊन न्यायाधीशांपुढे यायला तुम्हाला बोलावणं येईल, साहेब. जपून ठेवा. ही गोष्टही गिऱ्हाइकांना सांगा."

देलकूरने मोजे काढून खिशात कोंबले. दोन्ही बॅटऱ्या त्याच्या हातावर ठेवल्या, मगच मी त्याला दार उघडलं.