शेगडीच्या उबेत लपलेला ताप

"तेजू, शेगडी बाजूला सार आणि आधी थर्मामीटर लाव. तुझा आवाज मला बरा वाटत नाही," देवळाली कॅम्पहून थोरली बहीण उज्वला फोनवर म्हणाली.

"ताई, आत्ताच शेक घेऊन उठलेय. अंग गरम लागणारच ना," असं म्हणून तेजस्विनीने हसून विषय बदलला.

मित्रांनो, मी मात्र हसले नाही. मी तेजस्विनीच्या मेंदूतली एक जुनी राखणदार पेशी आहे. ती आईच्या, लंकाबाईंच्या पोटात होती, तेव्हापासून आमचं घराणं इथे पहाऱ्यावर आहे. माझे हात फांद्यांसारखे बारीक. त्यांनी मी मज्जापेशींमधले जोड चाचपते. कामाचे जपते, निकामी झालेले गिळून टाकते. मोठ्या माणसाचा मेंदू घडून संपला, असं समजू नका. बाळ झाल्यापासून इथे रोज नवे जोड बनत होते. भुकेचं रडणं कुठलं, झोपेचं कुठलं, हे तेजस्विनी त्यांच्याच जोरावर शिकत होती.

आणि तिच्या बाळंतपणातल्या टाक्यांत पू झाला. वणीच्या माहेरी दोन्ही वेळा बाजेखाली शेगडी, वर ओव्याची धुरी. खरा ताप त्या उबेत लपून राहिला. रक्तातून धोक्याचे निरोप येऊ लागले, तसे मी हात आखडून घेतले आणि फुगून लढायच्या तयारीला लागले. जपणूक मागे पडली. अशा धामधुमीत आमच्याकडून कामाचे जोडही तुटतात. मला त्याचीच धास्ती होती.

दुपारी बाळ रडू लागलं. तेजस्विनी त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

"आई, हा का रडतोय?"

"अगं, काल तूच मला शिकवत होतीस की. भूक लागली म्हणून."

"मला काही कळतच नाहीये गं."

लंकाबाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला, मग वाकून बाजेखाली चाचपलं.

"दीपकराव, गाडी काढा," त्या जावयाला म्हणाल्या. "शेगडी कधीची थंड झालीय अन् पोरगी भाजतीय."

नाशिकच्या दवाखान्यात औषधं सुरू झाली. ताप उतरला, तसे मी हळूहळू हात पसरले. काही जोड शाबूत होते, काही नव्याने बांधावे लागले. अजूनही बोलताना तिला एखादा शब्द सापडत नाही. पण काल बाळ कुरकुरलं, तेव्हा न बघताच ती म्हणाली, "भूक नाही, झोप आलीय त्याला."

मित्रांनो, मला हाक मारता येत नाही. तुमच्या शेजारी कुणी बाळंतीण असेल, तर बाळाला बघायला सगळेच जातात. तुम्ही शेगडी विझल्यावर जा. तिच्या कपाळावर हात ठेवा, "बरी आहेस ना?" विचारा, आणि ती हसली तरी लगेच उठू नका.